राजीखुशीने, अक्कलहुशारीने

आपल्याकडे जमिनीचे खरेदीखत लिहिताना एक वाक्य हमखास असते. 'हे खरेदीखत आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले असे.' लिहून देणारा सावकाराच्या तगाद्याने अर्धमेला झालेला असो, की मुलीच्या लग्नापायी शेवटचा तुकडा मोडत असो, वाक्य तेच. दस्त लिहिणारा ते विचारून लिहीत नाही आणि देणारा ते वाचून सही करत नाही. 'राजी' हा शब्द अरबीतला, 'खुशी' फारसीतली. दोघेही केव्हातरी मराठी मुलखात आले आणि कचेरीत कायमचे मुक्कामाला राहिले. उर्दूत आम्ही रजामंदी म्हणतो आणि तिच्या उलट मजबुरी. शब्दकोशात या दोन शब्दांमध्ये बरेच अंतर आहे. माणसाच्या आयुष्यात त्यांच्यामधली हद्द कोठे पडते, हे मात्र कोणता मोजणीदार साखळी टाकून दाखवणार?

हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला तो एका दूरच्या बेटाचा इतिहास वाचताना. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. त्यांतले उत्तरेकडचे मोठे बेट म्हणजे लुईस. झाडझाडोरा थोडा, वारा फार. जमिनीवर काळ्या, ओलसर, कुजलेल्या मातीचा जाड थर असून त्याला पीट म्हणतात. उन्हाळ्यात त्याच्या विटा कापायच्या, वाळवायच्या आणि हिवाळाभर चुलीत जाळायच्या. स्टोर्नोवे हे एकच मोठे गाव, बाकी किनाऱ्याने विखुरलेल्या वाड्या. १९११ मध्ये या बेटावर सुमारे साडेएकोणतीस हजार माणसे होती; शंभर वर्षांनी ती साडेअठरा हजारांच्या आसपास उरली. त्यांची भाषा गेलिक. ती इंग्रजीची बोली नव्हे की तिची बहीणही नव्हे. आयरिश भाषेच्या कुळातली, स्वतःचे काव्य आणि स्वतःचे स्तोत्रगायन असलेली जुनी भाषा आहे. या बेटावरून माणसे गेली आणि मागून भाषाही जायला लागली. दोन्ही वेळा कागदोपत्री नोंद तीच दिसते : राजीखुशीने.

१८४४ मध्ये हे अख्खे बेट, माणसांसकट म्हटले तरी चालेल, जेम्स मॅथेसन नावाच्या गृहस्थाने १ लाख ९० हजार पौंडांना विकत घेतले. हा मॅथेसन म्हणजे जार्डिन-मॅथेसन या प्रसिद्ध पेढीतला दुसरा भागीदार. कॅन्टनमध्ये १८३२ साली सुरू झालेल्या या पेढीने चीनमध्ये अफू विकून अलोट पैसा मिळवला. ती अफू हिंदुस्थानातली. बंगालकडची कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची आपल्या मुंबई बंदरातून. मुंबईतले या पेढीचे मोठे स्नेही आणि व्यवहारातले साथी म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय. तेव्हा लुईसच्या खरेदीखतात 'नशापाणी न करता' असे वाक्य असते तर देणाऱ्याने ते खुशाल लिहावे. घेणाऱ्याच्या थैलीबद्दल मात्र तसे म्हणता आले नसते. जगाच्या एका टोकाला शेतकऱ्याने चिकासाठी बोंडाला चीर द्यावी, दुसऱ्या टोकाला कोणी चिनी माणसाने चिलीम ओढावी, आणि त्याचा हिशेब तिसऱ्याच टोकाला एखाद्या कुळाच्या झोपडीत चुकता व्हावा, असा हा व्यवहार.

मॅथेसन दुष्ट होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडमध्ये त्याने जो हाहाकार केला तो जगाला ठाऊक आहे, पण हेब्रिडीजमधली कुळेही बटाट्यावरच जगत होती. मॅथेसनने धान्य आणवले, रस्त्यांची कामे काढली, पुष्कळ पैसा ओतला. या मदतीबद्दल सरकारने त्याला किताबही दिला. पण बटाटा पुन्हा धड पिकेना आणि थकलेला खंड फिटेना. मग इस्टेटीने हिशेब मांडला की माणसे जास्त आहेत. १८५१ मध्ये त्याचा कारभारी जॉन मन्रो मॅकेंझी गावोगाव फिरला. त्याची त्या वर्षाची रोजनिशी छापून प्रसिद्ध झाली आहे. कोणाकडे किती थकले, कोणाचे मुलगे कामाचे, कोण जायला तयार, कोण नाही, अशा नोंदी त्यात घरवार आढळतात. अटी उदार होत्या. थकबाकी माफ, कॅनडापर्यंतचे भाडे इस्टेट देणार, गुरे असतील तर त्यांची किंमत मिळणार. जो नाही म्हणेल त्याला जमीन सोडण्याची नोटीस.

१८५१ ते १८५५ या काळात दोन हजारांवर माणसे बेट सोडून गेली. इस्टेटीच्या बाजूने पुढे सांगितले गेले की कोणावर जबरदस्ती झाली नाही. आणि शब्दशः पाहिले तर हे खोटे नाही! कोणाच्या मुसक्या बांधून जहाजावर टाकले नव्हते. प्रत्येकाला विचारले होते. पण विचारणाऱ्याच्या एका हातात तिकीट होते नि दुसऱ्या हातात नोटीस. १८८३ मध्ये सरकारने नेपियर आयोग नेमला, तेव्हा बेटावरच्या म्हाताऱ्यांनी साक्षी दिल्या आणि त्यांतून दुसरी बाजू उजेडात आली. अनेकांनी गेलिकमध्येच सांगितले, दुभाष्याने इंग्रजी केले आणि तेच इंग्रजी दप्तरात राहिले. म्हणजे या लोकांचे गाऱ्हाणेसुद्धा आपल्यापर्यंत पोचते ते भाषांतर होऊन.

येथे जरा थांबून दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आमचा लेख नुसते रडगाणे होईल. जे कॅनडात गेले त्यांनी क्वेबेकच्या आग्नेय भागात जंगल तोडले, घरे बांधली, गेलिकमध्ये प्रार्थना केल्या आणि एका वस्तीला 'स्टोर्नोवे' हे नावही दिले. पण ते जंगल काही बेवारस नव्हते. त्या मुलखात अबेनाकी लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले होते. एकाला हुसकावले की तो जाऊन दुसऱ्याच्या जागेवर बसतो, आणि तिथल्या नोंदीत पुन्हा कोणीतरी राजीखुशीनेच हटलेला असतो. आपल्या मुलखाशीही या बेटाचा असाच संबंध आला आहे. १७९३ मध्ये लुईसचा तेव्हाचा मालक लॉर्ड सीफोर्थ याने आपल्या इस्टेटींवरच्या तरुणांना भरती करून ७८वी पलटण उभी केली. तीच पलटण १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे उभी होती. असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातले गाव. आणि हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी हाही स्टोर्नोवेचाच. १७५४ चा जन्म. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात तो टिपू सुलतानाच्या विरुद्ध होता. पुढे याच माणसाने कानडी, तेलुगू, तमिळ आणि मराठी कागदपत्रांचा, पोथ्यांचा, कोरीव लेखांच्या नकलांचा एवढा संग्रह केला की दक्षिणेच्या इतिहासाचा अभ्यासक आजही त्याच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही. ज्याच्या जन्मगावाची भाषा राज्यकर्त्यांना रानटी वाटत होती, त्याने आमच्या भाषा अशा जपून ठेवल्या. मजलूम आणि जालीम हे दोन वेगळे लोक असतात असे आम्ही मुलांना गोष्टी सांगताना भासवतो. इतिहासात ते पुष्कळदा एकाच घरात जेवायला बसलेले असतात.

बेटावर परत येऊ. कुळे अगदीच मुकी राहिली नाहीत. १८७४ मध्ये बर्नेरा येथल्या कुळांनी नोटिसा घेऊन आलेल्यांना पिटाळले, त्यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. १८८६ मध्ये कुळकायदा झाला. वाजवी खंड देणाऱ्याला जमिनीवरून काढता येणार नाही, असे प्रथमच ठरले. पण ज्याच्या नावे जमीनच नाही त्याला या कायद्याने काय मिळणार? मग पहिले महायुद्ध आले. या छोट्या बेटावरून सहा हजारांवर माणसे गेली आणि हजारावर मेली. त्यांतली कितीतरी माणसे तर युद्ध संपल्यावर मेली. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, घरी परतणाऱ्या खलाशांना घेऊन येणारी 'इयोलर' नावाची बोट स्टोर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटली. बंदराचे दिवे दिसत होते. घरांतून चुली पेटवून, धुतलेले कपडे शेकायला ठेवून बायका वाट पाहत होत्या. या रात्रीविषयी बेटावर पुढे कित्येक वर्षे कोणी बोलतच नसे. ज्या घरातला माणूस वाचला त्यालाही बोलायची चोरी वाटे, कारण शेजारच्या घरातला वाचला नव्हता.

त्याच सुमारास बेटाला नवा मालक मिळाला होता. १९१८ मध्ये लॉर्ड लीव्हरह्यूमने लुईस विकत घेतले. हा सनलाइट साबणाचा कारखानदार. त्याच्या कंपनीचे नाव आपल्याकडेही घरोघरी पोचले आहे. त्याच्या मनात मासळीचा मोठा धंदा काढायचा होता. कारखाने, पक्की घरे, दर आठवड्याला हातात रोख पगार, असे सगळे तो देऊ करत होता. युद्धातून परतलेले जवान म्हणाले, आम्हांला पगार नको, जमीन हवी. सरकारने ती देण्याचे वचन आम्हांला दिले होते. त्यांनी ग्रेस आणि कोल या भागातल्या मोठ्या शेतांत घुसून आपापले तुकडे आखले. साबणवाल्याला हे कळेना. भाकरी देतो तरी माणसे धोंडा का मागतात, असे त्याला वाटले असावे. आम्हांला मात्र वाटते, बेटाच्या साऱ्या इतिहासात लोकांनी आपली खरी मर्जी जर कधी बोलून दाखवली असेल तर ती येथे. आणि ती पुरी झाली नाही. थोड्याबहुत जमिनी वाटल्या गेल्या, लीव्हरह्यूमचे बेत फसले, १९२३ मध्ये तो बेट सोडून गेला. जाताना त्याने जमीन लोकांना बक्षीस देऊ केली. स्टोर्नोवेने ती घेतली. बाकीच्या भागांनी नाकारली, कारण कर भरायची ऐपत नव्हती.

आणि त्याच वर्षी, २१ एप्रिल १९२३ रोजी, 'मेटागामा' नावाची आगबोट स्टोर्नोवेहून सुमारे तीनशे तरुणांना घेऊन कॅनडाला निघाली. या वेळी नोटीस नव्हती. कारभाऱ्याची यादी नव्हती. सरकारने वसाहतींत वस्ती वाढवण्यासाठी स्वस्त भाड्याची योजना काढली होती आणि पोरांनी आपण होऊन नावे दिली होती. धक्क्यावर हजारो लोक जमले, गेलिक स्तोत्र म्हटले गेले, बोट हलली. बेटाच्या आठवणीत १८५१ ची जहाजे आणि मेटागामा शेजारी शेजारी उभ्या असतात, पण विचार करणाऱ्याने त्यांना एकाच दावणीला बांधू नये. १८५१ चा माणूस 'हो' म्हणाला, कारण 'नाही' म्हणायची जागा ठेवलेली नव्हती. १९२३ चा मुलगा 'हो' म्हणाला, कारण चार वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाने ज्याला 'हो' म्हटले होते ते त्याला मिळाले नव्हते. पहिली मजबुरी आहे. दुसरीला काय म्हणावे? इच्छा मेल्यावर जी उरते तिलाही आपण इच्छाच म्हणतो. चप्पल नाही म्हणून पाय राठ होतात, आणि पुढे चप्पल दिली तरी ती बोचते. अशा माणसाला 'तुला अनवाणी चालायलाच आवडते ना?' असे विचारले तर तो होच म्हणेल!

तरीही मेटागामाच्या पोरांजवळ एक गोष्ट होती. त्यांना परत येता येत होते. मेलबॉस्ट गावचा कवी मर्डो मॅक्फर्लेन विसाच्या दशकात कॅनडात गेला, तिथली राबणूक आणि एकटेपण भोगले आणि १९३२ मध्ये घरी परतला. पुढे आयुष्यभर त्याने गाणी रचली आणि गेलिक भाषेवरचे त्याचे गाणे बेटाबाहेरही गायले जाऊ लागले. सगळे परतले नाहीत, हे उघड आहे. टाँग गावची मेरी ॲन मॅक्लाउड नावाची मुलगी १९३० मध्ये न्यूयॉर्कला गेली ती तिथलीच झाली. तिची मातृभाषा गेलिक. तिचा मुलगा पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि २०१७ च्या जानेवारीत त्याने काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना अमेरिकेची दारे बंद करणारा हुकूम काढला. आईने ओलांडलेला उंबरठा मुलाला दिसतोच असे नाही.

आता भाषेकडे वळतो. माणसाच्या जाण्याला निदान जहाज लागते. भाषा जाते ती घरात बसल्या बसल्या.

१६१६ मध्येच स्कॉटलंडच्या राजाच्या मंत्रिमंडळाने ठरवले होते की प्रत्येक परगण्यात शाळा काढाव्यात आणि ही भाषा, जी रानटीपणाचे मूळ आहे, ती काढून टाकावी. शाळा आणि भाषेचे उच्चाटन एकाच हुकुमात यावे, हे आम्हां शिक्षकांना वाचवत नाही. पण हुकुमाने भाषा मेली नाही. १८११ मध्ये एडिंबरोत गेलिक शाळांसाठी एक संस्था निघाली. तिचे शिक्षक बेटाबेटांवर हिंडून लहानथोरांना गेलिक बायबल वाचायला शिकवीत. हेतू धर्माचा, पण लोकांना आपल्या भाषेत अक्षर भेटले. गंमत अशी की, अक्षराची गोडी लागलेल्यांनाच पुढे इंग्रजी हवीशी वाटू लागली, कारण बायबलापलीकडे वाचायला गेलिकमध्ये फारसे काही छापलेले नव्हते. १८७२ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. त्यात गेलिकवर बंदी नव्हती. त्यात गेलिकचे नावच नव्हते. बंदी घातली असती तर कोणी भांडला असता. न उल्लेखलेल्या गोष्टीसाठी भांडणार कसे? शाळेत इंग्रजी, अंगणात गेलिक. बेटांवरच्या जुन्या लोकांच्या आठवणींत एक काठी येते. जो पोरगा गेलिक बोलताना सापडे त्याच्या गळ्यात ती अडकवायची. असलीच रीत वेल्समध्येही होती.

आम्हांला त्या काठीपेक्षा जास्त भिववते ती त्यानंतरची पिढी. काठी गेली. १९१८ च्या कायद्यात गेलिक भागांत गेलिक शिकवण्याची तरतूद झाली, पुढे मास्तरही मऊ झाले. पण ज्या मुलीच्या गळ्यात काठी पडली होती ती आई झाली आणि तिने आपल्या मुलाशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. नवऱ्याशी गेलिक, सासूशी गेलिक, गाईशी गेलिक, प्रार्थनेत गेलिक. फक्त पाळण्यातल्या मुलाशी इंग्रजी. तिच्यावर कोणाचे दडपण नव्हते. घरात मास्तर नव्हता. विचारले असते तर तिने सांगितले असते, मी राजीखुशीने करते आहे, पोराचे भले व्हावे म्हणून. आणि ते खरेच होते. बोटीवर जायचे, ग्लासगोत नर्स व्हायचे, पोलिसात लागायचे, तर इंग्रजीच हवी होती.

या आईला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. पण तिच्या दस्तऐवजात एक खोट आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. खरेदीखतात जो लिहून देतो त्याचे काहीतरी जाते. शेत देणाऱ्याचे शेत जाते, बेट सोडणाऱ्याचे बेट सुटते. या एका व्यवहारात देणाऱ्याचे काहीच जात नाही. आईची गेलिक तिच्यापाशी मरेपर्यंत शाबूत राहिली. गेली ती मुलाची, ज्याची सही घेतलेली नाही आणि घेताही आली नसती. मेटागामावर गेलेला मुलगा निदान परतीचे तिकीट काढू शकत होता. ज्याला भाषाच दिली नाही त्याने कोठून कोठे परतायचे?

यावर उत्तर तयार असते : आईवडील मुलासाठी सगळेच ठरवतात, नाव ठरवतात, शाळा ठरवतात, भाषा का ठरवू नये? आणि भाषा जगवायची म्हणून मुलाने का मागे राहायचे? कोणी मूल हे कोणत्याही भाषेचे संग्रहालय म्हणून जन्माला येत नाही. हे आम्हांला मान्य आहे. लुईसमध्येच वाढलेला लेखक इयन क्रायटन स्मिथ (१९२८-१९९८) गेलिक आणि इंग्रजी या दोन्हींत लिहीत असे. बेटावरची माणसे म्हणजे पर्यटकांनी पाहायचा देखावा नव्हे, ती खऱ्या जागी राहणारी खरी माणसे आहेत, हे त्याने ठासून मांडले. शहरात बसून 'अहाहा, किती गोड भाषा, जपा हो' म्हणणाऱ्यांचा आम्हांलाही राग येतो. उर्दूच्या बाबतीत तर असे रसिक पैशाला पासरी आहेत. मुशायऱ्यात वाहवा करायची आणि स्वतःचे मूल इंग्रजी शाळेत घालायचे.

पण या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की दोन्हींतले एकच मिळेल. गेलिक ठेवलीस तर इंग्रजी गेली. हे त्या आईला कोणी सांगितले? अनुभवाने नव्हे, कारण तिला स्वतःला दोन्ही येत होत्या. सांगितले ते शाळेने. काठीने नव्हे, तर रोजच्या तासाने, वेळापत्रकाने, शाबासकीने. १८७२ च्या शाळेचा खरा अन्याय भाषा काढून घेण्यात नाही. निवडावेच लागते अशी खोटी तराजू लोकांच्या घरात टांगून दिली, त्यात आहे. बी.एड.ला 'मातृभाषेतून शिक्षण' या विषयावर हमखास प्रश्न यायचा आणि आम्ही पाठ केलेले फायदे-तोटे लिहून गुण मिळवायचो. वर्गात उभे राहिल्यावर कळले की पालक फायदे-तोटे विचारत नाहीत. 'सर, इथे घातला तर पुढे याचे कसे होईल?' एवढेच विचारतात. त्या प्रश्नामागे तीच तराजू लटकत असते. शिवाय खरे सांगायचे तर आमच्या मुलांच्या घरी बोलली जाते तीही किताबी उर्दू नव्हे. कोणाकडे दखनी, कोणाकडे कोकणी, कोणाकडे खानदेशी वळणाची बोली. आम्हीही शाळेत कोणती भाषा मोठी आणि कोणती लहान, हे न बोलता शिकवतोच. म्हणून लुईसच्या मास्तरांकडे बोट दाखवताना आमचा हात फार ताठ राहत नाही.

गेलिक राजीखुशीने शिकलेल्या लोकांचीही एक हकिकत आहे, आणि या वार्षिकाच्या वाचकांना ती विशेष वाटावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंजाबातले काही मुसलमान फेरीवाले लुईसमध्ये पोचले. पाठीवर कापडाची पेटी, वाडीवाडीवर विक्री. गिऱ्हाईक म्हणजे चुलीशी बसलेली म्हातारी, आणि तिला गेलिकशिवाय दुसरे येत नाही. फेरीवाले गेलिक शिकले. काहींना म्हणे ती इंग्रजीच्या आधी आली. त्यांना कोणी भाषाप्रेमाचे व्याख्यान दिले नव्हते. भाषेत भाकर होती, एवढेच. पुढे त्यांतल्या काहींची दुकाने झाली, कुटुंबे आली, पिढ्या झाल्या. रविवार कडकपणे पाळणाऱ्या, रविवारची बोटही जिथे २००९ पर्यंत चालत नव्हती अशा या प्रेस्बिटेरियन बेटावर मे २०१८ मध्ये, रमजानच्या तोंडावर, स्टोर्नोवेत पहिली मशीद उघडली. एका पडक्या इमारतीचीच डागडुजी करून ती केली आणि पैसा जगभरातून वर्गणीने आला. पण आज त्या फेरीवाल्यांचा पणतू पेटी घेऊन निघाला तर त्याला गेलिक शिकावी लागणार नाही. गिऱ्हाईक इंग्रजी बोलते.

या शतकात हिशेब विचित्र उलटला आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपली जमीन सामुदायिकरीत्या विकत घेता येऊ लागली. २००७ मध्ये लुईसच्या उत्तर टोकाची सुमारे ५६ हजार एकरांची गाल्सन इस्टेट तिथल्या लोकांच्या संस्थेने घेतली. १९१९ च्या जवानांनी जे मागितले ते त्यांच्या नातवंडा-पतवंडांना असे मिळाले. गेलिकलाही मान मिळाला. २००५ मध्ये तिचा कायदा झाला, २००८ मध्ये दूरचित्रवाहिनी आली आणि २०२५ च्या कायद्याने अधिकृत भाषेचा दर्जा दिला. शिरगणतीत १८९१ साली अडीच लाखांवर असलेले गेलिकभाषक २०११ मध्ये सत्तावन्न हजारांवर आले होते. २०२२ मध्ये ते एकोणसत्तर हजारांवर गेले. पण वाढ झाली ती ग्लासगोसारख्या शहरांत, शाळेत शिकणाऱ्यांमुळे. बेटांवर मात्र गेलिक बोलणारे प्रथमच निम्म्याच्या खाली आले. २०२० मध्ये अभ्यासकांच्या एका गटाने सांगून ठेवले आहे की बेटांवरच्या रोजच्या बोलण्यातून ही भाषा दहाएक वर्षांत उठेल. म्हणजे जमीन परत आली तेव्हा भाषा प्रवासाला निघाली होती. तीही, म्हणायला गेले तर, स्थलांतरितच झाली.

ग्लासगोच्या वर्गातली गेलिक खोटी, असे आम्ही म्हणत नाही. शिकून आलेली भाषाही भाषाच. पण चुलीपाशी ओरडायला, रुसायला, उसने मागायला, मयताच्या घरी दोन शब्द बोलायला जी लागते ती वर्गात शिकवता येत नाही. निदान आम्हांला ती कधी शिकवता आलेली नाही.

२०२० मध्येच बेटांच्या स्थानिक कौन्सिलने एक छोटासा बदल केला. पहिलीत येणाऱ्या मुलाचे माध्यम, पालकांनी काही सांगितले नाही तर, गेलिक धरले जाईल. इंग्रजी हवी असेल तर त्यांनी तसे कळवायचे. दोन्ही वाटा मोकळ्या, कोणाला नोटीस नाही, कोणाच्या गळ्यात काठी नाही. फक्त सहीची जागा बदलली. आजवर कोणतीही सही न करता भाषा जात होती. आता ती सोडायची तर कोणाला तरी कागदावर लिहून द्यावे लागते, आणि त्या कागदावर मुलाचे नाव वरच असते.